हुकलेल्या डोमेनची हळहळ : लिलावात नाव जातं तेव्हा नेमकं काय होतं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर चादरी आणि टेरी टॉवेल विणले जातात. यातला बराच माल परदेशी जातो, बराच आपल्या घरातल्या कपाटात येतो. 'सोलापुरी चादर' म्हटलं की महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. भौगोलिक मानांकनाचा, म्हणजेच जीआयचा, कायदा देशात २००३ मध्ये लागू झाला आणि त्याच्या नोंदवहीत चादरीचा अर्ज आठवा आणि टेरी टॉवेलचा नववा आहे. पहिल्या क्रमांकावर दार्जिलिंगचा चहा आहे, यावरून ही नोंद किती आधीची आहे ते लक्षात येईल.

पण इंटरनेटवर गणित वेगळं आहे. जीआयचं नाव त्या भागातल्या सगळ्या नोंदणीकृत उत्पादकांना वापरता येतं. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, फक्त एकालाच मिळतं. शेजारच्या शेडमधला कारखानदार तेच सूत आणि तसाच माग वापरत असला तरी 'डॉट कॉम' ज्याने आधी घेतलं त्याचं. दुसऱ्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात. वेगळं नाव शोधायचं, नाहीतर पहिल्याच्या हातून ते नाव सुटण्याची वाट बघायची.

ही वाट बघणारे जगभर आहेत, आणि त्यातल्या अनेकांकडे एक हुकलेल्या नावाची गोष्ट असते. 'तेव्हा हजार रुपयांत मिळत होतं, घेतलं नाही.' 'लिलावात पाचशे रुपयांनी गेलं.' 'रिन्यू करायला विसरलो आणि दुसऱ्याने उचललं.' ही हळहळ खरी असते, पण तिच्यामागचा हिशोब बहुतेक वेळा चुकलेला असतो. तो कुठे चुकतो, ते समजून घेण्यासाठी आधी हा बाजार कसा चालतो ते पाहावं लागेल.

नाव 'सुटतं' कसं?

डोमेन कुणी कायमचं विकत घेत नाही. ते भाड्याने घेतल्यासारखं असतं. दरवर्षी पैसे भरायचे, किंवा काही वर्षांचे एकदम भरायचे. साध्या डॉट कॉमचा किंवा डॉट इनचा वर्षाचा खर्च साधारण हजार रुपयांच्या आसपास असतो.

मुदत संपली की नाव लगेच बाजारात येतं, असा अनेकांचा समज आहे. तसं होत नाही. डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपल्यावर ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असू शकतो. या काळात जुना मालक बहुतेक ठिकाणी नेहमीच्या दरात किंवा थोडा दंड भरून नाव परत घेतो. त्यानंतर ३० दिवसांचा 'रिडेम्प्शन'चा काळ, ज्यात नाव परत मिळतं पण मोठा दंड लागतो. मग शेवटचे पाच दिवस, ज्यात कुणालाच काही करता येत नाही. हे पाच दिवस संपले की नाव मोकळं.

कागदावर असं आहे. प्रत्यक्षात ज्या नावाला जरा मागणी आहे, ते या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. ज्या कंपनीकडे नाव नोंदवलेलं असतं, ती रजिस्ट्रार कंपनी सवलतीच्या काळातच त्याचा लिलाव लावते. आणि चुकून एखादं चांगलं नाव पाच दिवस संपून मोकळं झालंच, तर ते पकडायला 'ड्रॉप-कॅचिंग' करणाऱ्या कंपन्यांचे संगणक बसलेले असतात. नाव सुटल्याच्या क्षणी त्यांच्याकडून विनंत्यांचा मारा होतो. रात्री अलार्म लावून, चहा घेऊन, मोबाइलवर नाव टाकून बघणाऱ्या माणसाला तिथे संधी जवळजवळ नसते.

म्हणजे हळहळीचं पहिलं कारण इथेच आहे. लोक 'नाव सुटेल' याची वाट बघतात आणि ते सुटायच्या आधीच लिलावात गेलेलं असतं. त्यातही एक गंमत अशी की लिलाव जिंकलेल्याचं नावही पक्कं नसतं. ठरलेल्या मुदतीत जुन्या मालकाने पैसे भरले तर लिलाव रद्द होतो, जिंकणाऱ्याला त्याचे पैसे परत मिळतात आणि नाव जिथल्या तिथे राहतं.

कांद्याचा लिलाव आणि नावाचा लिलाव

सोलापूरकरांना लिलाव नवीन नाही. इथली बाजार समिती कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे आणि हंगामात रोज उघड बोली लागते. पण कांद्याचा व्यापारी एका ढिगाची बोली हरला म्हणून रात्रभर जागत नाही. शेजारी दुसरा ढीग असतो, आणि उद्या पुन्हा गाड्या येणारच असतात. शिवाय समोरच्याच्या मालाला काय भाव मिळेल, याचा अंदाज त्याला कालच्या भावावरून असतो.

डोमेनला यातलं काहीच लागू पडत नाही. एकच नग असतो. कालचा भाव नसतो. समोर बोली लावणारा चादर विकणारा आहे, नावं साठवणारा दलाल आहे की दूर कुठेतरी बसलेली कंपनी आहे, हे कळत नाही.

आता समजा, एका टॉवेल उत्पादकाला त्याच्या ब्रँडचं नाव लिलावात दिसलं. त्याने मनाशी ठरवलं, ४१,५०० रुपयांच्या वर जायचं नाही. बोलीची पायरी ५०० रुपयांची आहे. लिलाव संपला तेव्हा पडद्यावर आकडा दिसला, ४२,०००. नाव दुसऱ्याला गेलं. त्याला आयुष्यभर वाटत राहणार, की फक्त पाचशे रुपयांनी गेलं.

हे खरं नाही. बहुतेक डोमेन लिलावांत 'प्रॉक्सी' बोली चालते. म्हणजे तुम्ही तुमची कमाल रक्कम आधीच सिस्टीमला सांगून ठेवता आणि समोरच्याच्या एक पायरी वर राहण्यापुरतीच बोली सिस्टीम आपोआप वाढवत जाते. जिंकणाऱ्याने आपली कमाल रक्कम दोन लाख ठेवलेली असेल, तरी पडद्यावर ४२,००० च दिसणार, कारण हरणारा ४१,५०० वर थांबला. हा माणूस ६०,००० पर्यंत गेला असता तर आकडा ६०,५०० दिसला असता आणि तेव्हाही त्याला वाटलं असतं की पाचशेने हुकलं.

थोडक्यात, पडद्यावरचा शेवटचा भाव जिंकणाऱ्याची तयारी सांगत नाही, हरणाऱ्याची सांगतो. जो आकडा बघून आपण हळहळतो, तो आपणच तयार केलेला असतो. त्यात भर म्हणजे, शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की अनेक ठिकाणी लिलावाची वेळ वाढते. त्यामुळे 'दोन सेकंद आधी बटण दाबलं असतं तर' यालाही तिथे अर्थ उरत नाही.

हळहळ भाव वाढवते

ही केवळ मनाची गोष्ट आहे असं समजून सोडून देता येत नाही, कारण तिचा खिशावर परिणाम होतो. लिलावांचा अभ्यास करणारे रिचर्ड एंगेलब्रेख्त-विगन्स आणि एलेना कातोक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बंद पाकिटातल्या बोलीच्या लिलावात हरलेल्यांना जिंकलेली किंमत सांगितली. आपण किती फायदेशीर संधी गमावली हे दिसल्यावर ते लोक पुढच्या वेळी जास्त बोली लावू लागले. उलट, जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाची बोली कळली, की आपण उगाच किती जास्त मोजले हे त्याला दिसतं आणि पुढच्या वेळी तो हात आखडतो.

डोमेनच्या बाजारात पहिलाच प्रकार जास्त दिसतो. विकलेल्या नावांचे आकडे जाहीर होतात, त्यांच्या बातम्या होतात, त्या आपल्या फीडमध्ये येतात. न विकल्या गेलेल्या नावांची बातमी कुणी करत नाही. मग एकदा हुकलेला माणूस पुढच्या लिलावात गरजेपेक्षा जास्त मोजतो. लिलावाचं अर्थशास्त्र याला 'जिंकणाऱ्याचा शाप' म्हणतं. १९७१ मध्ये तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी ही गोष्ट मांडली होती. समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्याचा लिलाव बहुतेक वेळा तोच जिंकतो, ज्याने तेलाचा अंदाज सगळ्यात जास्त फुगवून बांधलेला असतो.

आणखी एक गोष्ट. कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात दाखवलं, की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप जास्त होतो आणि दीर्घकाळात न केलेल्या गोष्टींचा. डोमेनला हे चपखल बसतं. जास्त पैसे देऊन घेतलेलं नाव दोन वर्षांत विसरलं जातं, कारण त्याचा तोटा मोजून संपतो. न घेतलेल्या नावाचा तोटा मोजायला आकडाच नसतो, म्हणून तो मनात दरवर्षी वाढत जातो.

मोठे आकडे आणि त्यांच्यामागचं

या बाजारातली सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट 'बिझनेस डॉट कॉम'ची. १९९७ मध्ये हे नाव दीड लाख डॉलरला विकलं गेलं, तेव्हा लोकांनी घेणाऱ्याला वेड्यात काढलं. १९९९ मध्ये तेच ७५ लाख डॉलरला गेलं. २००७ मध्ये या नावाने उभी राहिलेली कंपनी आर. एच. डोनेली या कंपनीने सुमारे ३४.५ कोटी डॉलरला घेतली. गोष्ट सांगणारे सहसा इथे थांबतात. पुढचं असं, की दोनच वर्षांत, २००९ मध्ये, डोनेलीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अर्थात त्यामागे कर्ज आणि मंदी होती, एकटं डोमेन नव्हतं. पण नाव घेतलं म्हणजे धंदा तरला, असंही नाही.

'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला विकलं गेलं. त्यावर जे सोशल नेटवर्क उभं राहणार होतं, ते तुमच्यापैकी किती जणांनी वापरलं?

आपल्याकडची ताजी गोष्ट जिओ-हॉटस्टारची. रिलायन्स आणि डिस्ने यांचं एकत्रीकरण होणार अशी चर्चा सुरू असताना, २०२३ मध्ये दिल्लीच्या एका तरुण डेव्हलपरने दोन्ही नावं जोडून डॉट कॉम घेऊन ठेवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने त्या पानावर पत्र टाकलं आणि केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च कंपनीने द्यावा असं सुचवलं. कंपनी तयार झाली नाही. कायदेशीर कारवाईचा धोका दिसल्यावर ते नाव दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेलं आणि नंतर त्यांच्या कुटुंबाने ते कंपनीला विनामोबदला देण्याची तयारी दाखवली. १४ फेब्रुवारी २०२५ ला 'जिओहॉटस्टार' सुरू झालं.

सोशल मीडियावर तेव्हा दोन गट पडले होते. एक म्हणत होता, पोराची कोटीची संधी हुकली. दुसरा म्हणत होता, मोठ्या कंपनीने मन मोठं करायला हवं होतं. या दोन्हींत एक गोष्ट राहून गेली. ती संधी मुळात होती का? दुसऱ्याच्या नोंदणीकृत ब्रँडचं नाव घेऊन त्यालाच विकायला जाणं याला 'सायबरस्क्वॉटिंग' म्हणतात, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची व्यवस्था १९९९ पासून आहे.

कायदा कुणाच्या बाजूने?

याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ'चा खटला गाजला. दुसऱ्या एका कंपनीने एक अक्षर बदलून 'रॅडिफ' असं डोमेन घेतलं होतं. डोमेन म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता नाही, तर त्याला व्यापारी ओळखीचं मोल आहे, असं म्हणत न्यायालयाने ते नाव वापरायला मनाई केली. पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी'च्या प्रकरणात डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, हे स्पष्ट केलं. न्यायालयात न जाताही तक्रार करता येते. डॉट कॉमसाठी यूडीआरपी ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका सदस्याच्या मंडळासमोर यूडीआरपी तक्रार नेली, तर पाचपर्यंत नावांसाठी १,५०० डॉलर शुल्क आहे. वकिलाचे पैसे वेगळे.

आता अक्कलकोट रोडच्या कारखानदाराच्या दृष्टीने खरा प्रश्न. 'सोलापुरी चादर' हे जीआय आहे. ते नाव कुणी बाहेरच्याने डोमेन म्हणून घेतलं तर जीआयच्या जोरावर परत मिळेल का?

अवघड आहे. यूडीआरपी ट्रेडमार्कसाठी बनवली आहे, जीआयसाठी नाही. याचा धडा शॅम्पेनवाल्यांना मिळालेला आहे. फ्रान्समधल्या शॅम्पेन उत्पादकांच्या संघटनेने २०११ मध्ये 'शॅम्पेन डॉट सीओ' या नावावर तक्रार केली आणि ती फेटाळली गेली. शॅम्पेन हे नाव जगात किती कडकपणे राखलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. तरीही या पद्धतीत भौगोलिक नाव म्हणजे आपोआप ट्रेडमार्क धरला गेला नाही. शॅम्पेनचं हे झालं, तर चादरीने किती आशा ठेवायची? डॉट इनचे नियम शब्दांत थोडे सैल आहेत, त्यात ट्रेडमार्कबरोबर 'नाव' असाही उल्लेख आहे, त्यामुळे तिथे युक्तिवादाला जास्त जागा मिळते. पण युक्तिवादाला जागा असणं म्हणजे नाव परत मिळणं नव्हे.

उलट, कारखान्याचा स्वतःचा ब्रँड ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेला असेल तर चित्र बदलतं. मग लिलावात ते नाव दुसऱ्याने उचललं, आणि ग्राहकांना फसवण्यासाठी किंवा ब्रँडच्या मालकालाच चढ्या भावात विकण्यासाठी उचललं हे दाखवता आलं, तर ते परत मागता येतं. सोलापूरबाहेर विणलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून विकल्या जातात, ही इथल्या उत्पादकांची जुनीच तक्रार आहे. तिला आता वेबसाइटचा पत्ता हे नवं दार मिळालं आहे, आणि जीआयचा कायदा त्या दारात पूर्णपणे उभा नाही. याबाबत धोरण करणाऱ्यांनी लक्ष घालायला हवं, पण सध्या तरी तसं ठळक काही दिसत नाही.

नाव एक, स्पेलिंगं शंभर

एक दिलासाही आहे. हे 'एकमेव' नाव वाटतं तितकं एकमेव नाही.

सोलापूरचं इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे होतं, 'एच' घालून आणि न घालता. त्यापुढे 'सोलापूर' किंवा 'सोलापुरी'. चादरमध्ये 'डी' एक किंवा दोन. शेवटी 'ए-आर' किंवा 'ई-आर'. मध्ये आडवी रेघ आहे किंवा नाही. दोनाला चार वेळा दोनाने गुणत गेलं की ३२ नावं होतात. प्रत्येकाला डॉट कॉम, डॉट इन आणि डॉट सीओ डॉट इन लावलं की ९६. हजार रुपयांच्या हिशोबाने सगळी घेऊन ठेवायची तर वर्षाला ९६ हजार रुपये, दरवर्षी. एवढ्या पैशात कारखान्याच्या मालाचे चांगले फोटो निघतील आणि दिवाळीची जाहिरातही होईल.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीतलं 'डॉट भारत' आलं तेव्हा वाटलं होतं, की हा स्पेलिंगचा घोळ मिटेल. पण मराठीत 'सोलापूर' दीर्घ आणि हिंदीत 'सोलापुर' ऱ्हस्व, म्हणजे इथेही दोन नावं झालीच. शिवाय यंत्रणेच्या पोटात देवनागरी नावाचं रूपांतर 'एक्सएन'ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या लांबलचक माळेत होतं, आणि अनेक फॉर्म आणि ईमेल सेवा अजून असे पत्ते नीट स्वीकारत नाहीत.

त्यामुळे लिलावात जाण्याआधी विचारायचा प्रश्न 'हे नाव पुन्हा मिळेल का?' हा नाही. 'या नावामुळे वर्षाला किती जास्त चादरी विकल्या जातील?' हा आहे. बहुतेक गिऱ्हाईक आज पत्ता टाइप करत नाही. तो शोधतो, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर जातो किंवा मोठ्या विक्री संकेतस्थळावर बघतो. सर्वसाधारण शब्दांच्या डोमेनची जादू त्यामुळे पूर्वीइतकी राहिलेली नाही. स्वतःच्या ब्रँडच्या नावाचं मात्र तसं नाही.

खरा धोका लिलावाच्या आधीचा

कारण सगळ्यात महाग पडणारं नाव हे न घेतलेलं नसतं. ते आधीपासून वापरात असलेलं आणि हातातून निसटलेलं असतं. त्याच नावावर परदेशी गिऱ्हाइकांचे ईमेल येत असतात. निर्यातदाराचं डोमेन गेलं की ईमेलचा पत्ताही जातो, आणि नवा मालक ठरवेल तर त्या पत्त्यावर येणारे मेल त्याला मिळू शकतात. त्यात ऑर्डर असतात, बँकेचे तपशील असतात. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचंही १९९९ च्या नाताळात एका महत्त्वाच्या डोमेनचं शुल्क भरायचं राहिलं होतं आणि हॉटमेल वापरणाऱ्यांना लॉग-इन करता येईना. शेवटी एका परक्या प्रोग्रामरने ३५ डॉलर भरून ते सोडवलं.

लहान उद्योगांत हे कसं घडतं? वेबसाइट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवर आणि बऱ्याचदा स्वतःच्याच नावावर घेतलेलं असतं. तो पुढे पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो, आणि मुदत संपत आल्याचे मेल त्या बंद पडलेल्या इनबॉक्समध्ये पडत राहतात. किंवा पैसे कार्डवरून आपोआप जातील या भरवशावर मालक असतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डवरून वारंवार कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी वेगळी परवानगी नोंदवावी लागते. परदेशी कंपन्यांकडे असलेली अनेक ऑटो-रिन्यूअल त्यानंतर गुपचूप थांबली.

तपासायला पाच मिनिटं लागतात. डोमेन ज्या कंपनीकडे आहे तिच्या खात्यात आपल्याला लॉग-इन करता येतं का, नोंदणी कारखान्याच्या नावावर आहे का, संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा तर नाही ना (कारण डोमेन बंद पडलं की सूचना मिळणारा ईमेलही बंद पडतो), आणि मुदत कधी संपते. डॉट कॉम आणि डॉट इन, दोन्हींचे पैसे एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येतात.